होडीचा कागद

तात्यांच्या होडीला कागद नाही.

होडी आहे. पाण्यावर तरंगते, खाडीत जाते, चिंबोऱ्या नि बोईट घेऊन परत येते. तात्यांच्या घरचा गॅस तिच्यावर पेटतो. पण सरकारच्या दप्तरात ती नाही, म्हणजे ती कुठंच नाही. गेले सहा महिने मी या नसलेल्या होडीचे अर्ज लिहितोय. दोस्तहो, ही तक्रार नव्हे. तक्रारी आपण पुष्कळ केल्या. अर्ज लिहिता लिहिता माझंच एक चुकलं, आणि चौथी शिकलेल्या तात्यांनी ते दुरुस्त केलं. ते सांगायला बसलोय.

मी घाटकोपरला पिठाच्या गिरणीत कामाला आहे. आजा कापडगिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्याची गिरणी पुन्हा त्याला दिसलीच नाही. मी दळणाच्या गिरणीत. वस्तीत मला दोन कामांसाठी ओळखतात, दळण आणि अर्ज. रेशनकार्ड, जातीचा दाखला, फोटोपास, म्हाताऱ्यांची पेन्शन. कविता करतो हे चारदोघांना माहीत. अर्ज करतो हे सगळ्यांना.

तात्या आले तेव्हा पट्टा चालू होता. मी नखशिखांत पांढरा. ते बाहेर उभे राहिले आणि हातातली प्लास्टिकची पिशवी वर करून दाखवली. ती पिशवी पाहिली की मी समजतो. आपल्या प्रत्येक घरात खिळ्याला अशी एक पिशवी असते. २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, घरात गळ्याएवढं पाणी, तेव्हा माझ्या आईनं आधी मला उचललं आणि मग पिशवी. शेजारच्या आजीनं आधी पिशवी उचलली. आजी जास्त शहाणी होती. माणूस असल्याचा पुरावा पिशवीत असतो.

"बाबू, होडी जमा करनार म्हनतात," तात्या म्हणाले.

झालं होतं असं. पहाटे ओहोटीला तात्या तिवरांतून बाहेर पडत होते. गस्तीवाल्यांनी अडवलं. होडीचा नंबर काय? नंबर नाही. कागद? नाही. मालक कोण? मीच. कशावरून? यावर तात्या गप्प झाले. गस्तीवाले वाईट नव्हते. त्यातला एक जण म्हणाला, काका, कागद करून घ्या, पुढच्या वेळी आम्हाला होडी उचलावी लागेल.

मी मनात शिव्या घातल्या, पण त्यांचंही खोटं नव्हतं. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र या शहराला माहीत आहे. ते दहा जण समुद्रातनंच आले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीला नंबर, प्रत्येक खलाशाला ओळखपत्र, अशी सक्ती वाढत गेली. ती नको असं मी म्हणणार नाही. एवढंच आठवतो की ते ज्या ‘कुबेर’ बोटीतनं आले ती पोरबंदरची चांगली नंबरवाली बोट होती. तिचा नंबर शाबूत राहिला आणि तिच्यावरचे खलाशी मारले गेले. कागद बोटीला वाचवतो. खलाशाला वाचवेलच असं नाही.

तात्या मूळचे महाडकडचे. दासगावच्या पंचक्रोशीतले. सावित्रीच्या खाडीचं पाणी लहानपणापासून अंगावर. मुंबईत आले ते हमालीला, आणि फिरत फिरत ठाणे खाडीच्या आपल्या बाजूला एका नाखव्याकडे खलाशी म्हणून लागले. जाळं ओढायचं, होडी धुवायची, भरतीला रात्री दोन वाजता उठायचं. नाखवा माणूस बरा होता. पैसे वेळेवर द्यायचा नाही, पण जेवताना वेगळं बसवायचा नाही. २००७ साली खाडीत मासा उरला नाही म्हणून त्यानं धंदा आवरला. तात्यांचा तीन वर्षांचा हिशेब अंगावर होता. नाखवा म्हणाला, "तात्या, पैसा नाय माझ्याकडं. ही लहान होडी तुझी. घेऊन जा." नारळ फोडला. दोघांनी खोबरं खाल्लं. झालं खरेदीखत.

नाखवा नंतर वारला. नारळ तर तेव्हाच संपला होता.

आता होडीची नोंद होते कशी, ते आधी समजून घ्या. तुमच्याकडेही कोणी पिशवी घेऊन येईल. मासेमारीची होडी असेल तर नोंद मत्स्यव्यवसाय खात्याकडे. माणसं वाहणारी असेल तर मेरीटाईम बोर्डाकडे. मासेमारी बोटींची नोंद १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याखाली होत आली. २०२५ साली संसदेनं त्याजागी नवा कायदा मंजूर केला. मासेमारीचा परवाना वेगळा, तो १९८१ च्या महाराष्ट्राच्या सागरी मासेमारी कायद्याखाली. मशीन असलेली ती यांत्रिकी नौका, वल्ह्याची ती बिगर यांत्रिकी. अर्ज आता ऑनलाईन भरतात, पोर्टलचं नाव ‘रिअलक्राफ्ट’. म्हणजे ज्याला वल्हं मारता येतं त्यानं आधी माउस मारायला शिकायचं.

पहिल्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. मी गिरणीतनं अर्धा दिवस सुट्टी घेतली, तात्यांनी एक ओहोटी सोडली. खाडीची वेळ रोज पाऊण तासानं पुढं सरकते, ऑफिसची सरकत नाही.

क्लार्कनं यादी वाचली. बांधणाऱ्याचा दाखला. खरेदीची पावती. जुन्या मालकाचं नोंदणीपत्र आणि ना-हरकत. मच्छीमार संस्थेचं शिफारसपत्र. फोटो, आधार.

"साहेब, होडी चाळीस वर्षांची तरी असल," तात्या म्हणाले. "बांधनारा सुतार कवाच गेला."

"मग त्याच्या वारसाचं आणा."

"सुताराच्या वारसाला काय ठाऊक?"

"तुम्हाला काय ठाऊक?" क्लार्क म्हणाला. तो उद्धट नव्हता. त्याच्यापुढं रकाने होते आणि प्रत्येक रकान्यात त्याला काहीतरी भरायचं होतं. आमच्याकडे भरायला काही नव्हतं.

नाखव्याच्या थोरल्या मुलाला शोधला. तो आता लांब राहायला गेलेला. तात्यांना ओळखलं, चहा दिला, वाकून नमस्कारसुद्धा केला. होडी बापानं दिली हे तोंडानं कबूल केलं. सही म्हटल्यावर मात्र हात मागं घेतला. भावाभावांत घरावरनं वाद चालू आहे. उद्या धाकटा म्हणाला की बापाची इस्टेट तू परस्पर कशी दिलीस, तर? मी समजलो. नारळाची आठवण देता येते, सही देता येत नाही.

मग संस्था. कुठली ते लिहीत नाही. टेबलामागच्या माणसानं तात्यांचं नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर पेन खाली ठेवलं.

"तुम्ही मच्छीमार कसे?"

"मासे धरतो म्हनून."

"तसं नाही. पारंपरिक?"

तात्या माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडणार होतो. परंपरेनं आम्हाला काय काय धरायला लावलं त्याची यादी देऊ का, म्हणणार होतो. वाक्य छान होतं. पण कोपऱ्यात एक म्हातारा सभासद बसला होता, तो आधी बोलला. "पोरा, चिडू नको. आमची जाळी सुकवायची जागा शंभर वर्षं आमची. तिला तरी कुठं सातबारा आहे? बिल्डर येतो नि आम्हालाच विचारतो, कशावरून तुमची?" मग टेबलाकडे वळून म्हणाला, "याला मी बघतोय रोज खाडीत. मासे धरतो हे खरंय."

शिफारसपत्र मिळालं नाही. सभासदत्व नाही तर शिफारस नाही. पण म्हाताऱ्यानं आपला नंबर दिला आणि गरज पडली तर बोलव म्हणाला. बसमध्ये माझं ते छान वाक्य मला आठवत राहिलं. ते बोललो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या, फक्त तिथं टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, आणि म्हातारा साक्षीदार हातचा गेला असता. कोळ्यांच्या जागेला सातबारा नाही, तात्यांच्या होडीला नंबर नाही. दोघांचं दुखणं एक आहे. आडनाव मधे येतं आणि ते दिसत नाही.

त्या रविवारी मी होडी बघायला गेलो. हायवे ओलांडून, तिवरांतून, गुडघाभर चिखलातनं. ही तीच खाडी, जिथं रोहित बघायला लोक दुर्बिणी घेऊन येतात. २०१५ ला पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर झालं, २०२२ ला रामसरच्या यादीत नाव गेलं. पक्ष्यांची नोंद झाली याचा मला आनंदच आहे. ते सैबेरियातनं येवोत की कच्छातनं, त्यांना कोणी जुनं नोंदणीपत्र मागत नाही.

होडी उलटी घातली होती. तात्या जुना रंग खरवडत होते. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली लाल, लालखाली पुन्हा निळा. नाळेजवळ खरवडताना अचानक अक्षरं दिसायला लागली. आम्ही दोघं खाली वाकलो. पुसट पांढऱ्या रंगात दोन अक्षरं आणि तीन आकडे. चौथा असेल तर फळीबरोबर गेला होता.

म्हणजे होडीला कागद होता. कधीतरी कोणाच्या तरी नावावर तिची नोंद होती. तात्यांनी तिला इतकी वर्षं जपली, रंगावर रंग चढवला, आणि त्या रंगाखाली मालकाचा नंबर गाडला गेला. मी मोबाईलवर फोटो काढले आणि २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज टाकला, या नंबराची नोंद कोणाच्या नावे, कधीची. उत्तर आलं, जुनं दप्तर उपलब्ध नाही. म्हणजे बघा, कागदवाल्यांचा कागद हरवला तर त्याला ‘दप्तर उपलब्ध नाही’ म्हणायचं. आपला हरवला तर आपण उपलब्ध नाही.

आता माझी चूक सांगतो.

मी नवा अर्ज लिहिला. रात्री जागून, वकिली भाषेत. त्यात एक वाक्य होतं, ‘सदर नौकेवर अर्जदाराची गेली अठरा वर्षे अखंड वहिवाट आहे.’ मला ते फार आवडलं होतं. जमिनीच्या दाव्यांत हा शब्द वाचलेला. तात्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वहिवाट लिवू नकोस."

"का?"

"त्या शब्दानं आमच्या लोकांना तळ्यावरनं मारलंय."

मी गप्प. महाड मला पाठ आहे असं मी समजत होतो. २० मार्च १९२७, ओंजळ, मग डोकी फोडली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. जयंतीला मी हे सगळं माईकवर बोलतो. पण मधला कागद मी नीट वाचलाच नव्हता. दुसऱ्या सत्याग्रहाआधी त्याच डिसेंबरात सवर्णांनी कोर्टात दावा लावला होता. दाव्याचे पाय दोन. एक, तळं खासगी मालकीचं. दुसरा, अस्पृश्यांनी तिथं पाणी भरायचं नाही ही पूर्वापार वहिवाट. कोर्टानं तात्पुरती मनाई दिली. हजारो लोक जमलेले असताना बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं आणि तो दावा कोर्टात लढवला. सव्वानऊ वर्षं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं शेवटचा निकाल दिला. तळं नगरपालिकेचं ठरलं, आणि वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे दावा लावणाऱ्यांना शाबीत करता आलं नाही.

कशावरून, हा प्रश्न त्यांना विचारला गेला होता. पहिल्यांदा त्यांना. आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी विचार करत बसलो. आज तोच प्रश्न तात्यांना विचारलाय. मी दोन वेगळ्या तोंडांनी बोलू शकत नाही. त्यांना पुरावा मागितला की न्याय, आम्हाला मागितला की अन्याय, असं चालणार नाही. ‘पूर्वीपासून चालत आलंय’ हा मालकीचा पुरावा होत असेल तर गावकुसाबाहेरचं आपलं घर हाही पुरावाच आहे. वहिवाट हा शब्द ज्याच्या हातात काठी आहे त्याच्या कामाचा. आपल्याला दुसरा शब्द शोधला पाहिजे.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"काम लिव," तात्या म्हणाले.

आणि पिशवीतनं त्यांनी रबरबँड लावलेला एक गठ्ठा काढला. तोवर मला दाखवलाच नव्हता, कारण त्यांना तो कागद वाटतच नव्हता. हार्डवेअरवाल्याच्या पावत्या. डामर, तांब्याचे खिळे, सागाची फळी, रंगाचे डबे. सतरा पावत्या. प्रत्येकीवर वर गिऱ्हाईकाच्या जागी त्या दुकानदारानं एकच लिहिलेलं, ‘तात्या होडीवाले’.

मी त्या अक्षराकडे बघतच राहिलो. आडनाव नाही. जात नाही. धंद्यावरनं नाव. सरकारनं, संस्थेनं, नाखव्यानं जे लिहून दिलं नाही ते उधारी बुडू नये म्हणून एका दुकानदारानं लिहून ठेवलं होतं.

अर्ज फाडला. नवं प्रतिज्ञापत्र केलं. त्यात एकही अलंकार नाही. २००७, होडी मजुरीच्या थकबाकीपोटी मिळाली. २००९, तळाच्या दोन फळ्या बदलल्या, पावती जोडली आहे. २०१४, नाळ दुरुस्त केली, पावती जोडली आहे. १७ मे २०२१, तौक्ते वादळात एक बाजू फुटली. पंचनाम्याला आलेल्यांनी नंबर नाही म्हणून नाव घेतलं नाही. फळ्या स्वतःच्या पैशानं बसवल्या, पावती जोडली आहे. होडीची लांबी, रुंदी, खोली टेपनं मोजून. खरवडलेल्या नंबराचा फोटो. माहिती अधिकाराचं ‘दप्तर उपलब्ध नाही’ हे उत्तरही जोडलं. जुना कागद सरकारकडेच नाही याचा तो सरकारी कागद. साक्षीदार तीन. एक खाडीतला सोबती, एक हार्डवेअरवाला, आणि एक संस्थेतला तो म्हातारा. त्यानं संस्थेतर्फे नव्हे, स्वतःच्या नावानं सही केली. थरथरत्या हातानं, पण पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

हे सगळं घेऊन दुसऱ्या टेबलावर गेलो. तिथल्या बाईंनी चष्मा लावून सगळ्या पावत्या एकेक करून उलटल्या. मधे एकदा तात्यांच्या हाताकडे पाहिलं. म्हणाल्या, "असं कोणी आणत नाही हो. लोक नुसते भांडतात." आम्हीही भांडायलाच आलो होतो, पण ते त्यांना सांगितलं नाही.

"पाहणी होईल. कोणाची हरकत आली तर सुनावणी. मंजूर होईलच असं मी म्हणत नाही."

"चालेल," तात्या म्हणाले.

"नौकेचं नाव?"

हा रकाना मी रिकामा सोडला होता. विचारायचं राहूनच गेलं. अठरा वर्षं ती नुसती होडीच होती. तात्यांनी एक क्षणही घेतला नाही.

"पद्मावती."

बाईंनी लिहिलं. "देवीचं नाव. छान आहे."

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या समोर भिंतीकडे बघत होते. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब मुंबईहून ज्या बोटीनं महाडच्या सत्याग्रहाला निघाले तिचं नाव पद्मावती. ती दासगाव बंदराला लागली आणि तिथनं सगळे पायी महाडला गेले. तात्यांचा आजा तेव्हा पोरगेला होता. बंदरावर माणसांत उभा होता म्हणे. बोटीचं नाव वाचता येत नव्हतं, शेजारच्याला विचारलं होतं. ते नाव त्या घरात तोंडातोंडी टिकलं, कागदाशिवाय. आता ते एका सरकारी रकान्यात निळ्या शाईनं लिहिलेलं आहे. बाईंना सांगावंसं वाटलं. पण तात्या बोलले नाहीत, मग मीही नाही बोललो.

पोच घेतली. शिक्का, आवक क्रमांक, तारीख. दोस्तहो, पोच घेतल्याशिवाय कोणाचाही अर्ज देऊ नका, साहेब कितीही गोड बोलला तरी. तात्यांनी ती घडी करून जातीच्या दाखल्याच्या खाली ठेवली. तो दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० च्या आधी तुमचे वाडवडील कुठं राहत होते याचा पुरावा मागितला होता. तोही असाच, पावती पावती करून जमवला होता.

पाहणी अजून झालेली नाही. मंजुरी आलेली नाही. गस्तीवाल्यांनी परवा पुन्हा थांबवलं. तात्यांनी पोच दाखवली, त्यांनी टॉर्च मारून वाचली आणि जा म्हणाले. पोच म्हणजे कागद नव्हे. पण एक ओहोटी वाया गेली नाही.

होडीला नवा रंग दिलाय. वरून खाली निळा. नाळेच्या दोन्ही बाजूंना तात्यांनी हातभर काळा पट्टा मारून कोरा सोडलाय. नंबर आला की पांढऱ्या रंगानं लिहायला मला बोलावलंय. म्हणाले, तुझं अक्षर बरं आहे.